अलेक्झांड्रियाचा बहिष्कृत आचार्य

पुनर्जन्मावर व्याख्यान असले की आपल्याकडे एक विधान हमखास कानावर येते. मूळ ख्रिस्ती धर्मात पुनर्जन्म होता, ओरिजेन नावाचा थोर आचार्य तो शिकवत असे, आणि इ. स. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेने तो धर्मातून काढून टाकला, असे ते विधान. कॉलेजात असताना मीही ते ऐकले आणि बरीच वर्षे खरे धरून चाललो. पुढे ओरिजेनचे मत्तयाच्या शुभवर्तमानावरचे भाष्य भाषांतरातून वाचायला घेतले. बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे पूर्वीचा संदेष्टा एलियाच पुन्हा जन्माला आला होता काय, या प्रश्नापाशी तो थांबतो. एका देहातून दुसऱ्या देहात आत्मा फिरतो हे मत प्रेषितांनी दिलेले नाही, देवाच्या मंडळीला ते परके आहे, असे तो स्वच्छ लिहितो. ज्याच्या नावावर ही गोष्ट सांगितली जाते, त्यानेच ती नाकारलेली होती.

हा गैरसमज इतका टिकला, याचे मुख्य कारण म्हणजे त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचावे तर त्याची पुस्तके फारशी उरलेली नाहीत. ती का उरली नाहीत, आणि जी उरली ती कोणाच्या हातून, हे कळू लागल्यापासून हा माणूस माझ्या मनातून गेलेला नाही.

ओरिजेनचा जन्म इ. स. १८५ च्या सुमाराचा, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा. होमरच्या काव्याची पाठचिकित्सा करणारे ग्रीक पंडित याच शहरात होऊन गेले. ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतरही इथेच सुरू झाले. शहर बंदराचे होते. तांबड्या समुद्रातून आलेला हिंदुस्थानचा माल नाईल नदीने इथवर यायचा. ख्रिस्ती श्रद्धा शिकू पाहणाऱ्यांसाठी इथे एक पाठशाळा चाले. तिचा पहिला नावाने ठाऊक असलेला आचार्य पँटेनस. तो हिंदुस्थानात गेला होता आणि तिथल्या लोकांजवळ त्याला हिब्रू लिपीतले मत्तयाचे शुभवर्तमान आढळले, असे चर्चचा पहिला इतिहासकार युसेबियस सांगतो. त्या काळी दक्षिण अरबस्तानालाही कोणी हिंदुस्थान म्हणत, म्हणून अभ्यासक इथे जपून बोलतात. पण पँटेनसचा शिष्य क्लेमेंट याच्या लिखाणात बुद्धाचे नाव येते, ब्राह्मण आणि श्रमण येतात, हे मात्र निश्चित. ख्रिस्ती विचार ज्या अंगणात रांगायला लागला, तिथे आपल्याकडचे वारेही येत होते.

ओरिजेनचे वडील लिओनिडीस मुलाला ग्रीक विद्या शिकवत आणि रोज शास्त्रातले वचनही पाठ करायला लावत. मुलगा नुसते पाठ करून थांबत नसे, याचा आतला अर्थ काय, म्हणून विचारी. वडील वरकरणी दटावत, वयाच्या पलीकडचे विचारू नकोस म्हणत, आणि तो झोपला की त्याच्या छातीवरचे पांघरूण बाजूला करून तिथे ओठ टेकवत. देवाचा आत्मा आत वसतो आहे, असे त्यांना वाटे.

इ. स. २०२ च्या सुमारास, रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात, अलेक्झांड्रियात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. लिओनिडीस पकडले गेले. ओरिजेनला तेव्हा सतरावे लागलेले नव्हते. आपणही जाऊन पकडवून घ्यायचे, वडिलांबरोबर मरायचे, असे त्याने ठरवले. आईने विनवले, रडली, आणि काही चालेना तेव्हा त्याचे सगळे कपडे लपवून ठेवले. नागवा कसा बाहेर पडणार? घरात अडकलेल्या त्या पोराने वडिलांना तुरुंगात पत्र लिहिले आणि कळवले, की आमच्यापायी तुम्ही मन बदलू नका. लिओनिडीसचा शिरच्छेद झाला. मालमत्ता सरकारजमा झाली. मागे आई, ओरिजेन आणि सहा धाकटे भाऊ उरले.

व्याकरणाच्या शिकवण्या करून त्याने घर उभे केले. धरपकडीच्या भीतीने पाठशाळेत शिकवायला कोणी उरले नव्हते, म्हणून शिकू इच्छिणारे याच पोराकडे येऊ लागले, आणि बिशप डिमीट्रियसने अठराव्या वर्षी त्याला पाठशाळेचा प्रमुख केले. त्याचे काही विद्यार्थी पकडले गेले, मारले गेले. तो त्यांना भेटायला तुरुंगात जाई, वधस्थळापर्यंत सोबत चाले. पुढे त्याने ग्रीक साहित्याची आपली सगळी पुस्तके विकून टाकली आणि मोबदल्यात विकत घेणाऱ्याकडून रोज चार ओबोल, म्हणजे चार छोटी ग्रीक नाणी, मागून घेतले. तेवढ्यात पोट भरायचे, शिकवण्याचा पैसा कोणाकडून घ्यायचा नाही. अनवाणी हिंडणे, एक वस्त्र, जमिनीवर निजणे. स्वर्गाच्या राज्यासाठी स्वतःला नपुंसक करून घेणाऱ्यांविषयीचे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वाक्य त्याने तरुणपणी अक्षरशः घेतले आणि स्वतःवर शस्त्र चालवले, असेही युसेबियस लिहितो. उतारवयात त्याच वाक्यावर भाष्य करताना ओरिजेन असा शब्दशः अर्थ घेणाऱ्यांना चुकीचे ठरवतो. शस्त्र चालवल्याची गोष्ट हे विरोधकांनी उडवलेले कुजबुजीचे किटाळ असावे असे काही अभ्यासकांना वाटते, आणि मलाही तो संशय रास्त वाटतो.

पुढे त्याला अम्ब्रोज नावाचा श्रीमंत माणूस भेटला. तो आधी दुसऱ्या, चर्चने अमान्य केलेल्या पंथात होता. ओरिजेनने त्याला वळवले आणि अम्ब्रोजने ओरिजेनला लिहिते केले. सातांहून अधिक लघुलेखक त्याने पगारावर ठेवले. ओरिजेन बोले आणि ते पाळीपाळीने उतरवून घेत. तितकेच नकलनवीस ती टिपणे साफ करत. आणि सुंदर अक्षरात प्रती काढायला, युसेबियस आवर्जून सांगतो, मुली शिकवून तयार केलेल्या होत्या. हे वाचताना मला केडगावचे मुक्तिसदन आठवले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल केले तेव्हा खिळे जुळवायला आणि छापायला तिथल्याच मुली-बाया होत्या. ओरिजेनच्या त्या लेखिकांपैकी एकीचेही नाव उरलेले नाही. अम्ब्रोज मात्र जेवताना, फिरताना, रात्री दिव्यापाशी, पाठ ताडून पाहण्याचे काम थांबू देत नाही, अशी गोड तक्रार ओरिजेनच्या एका पत्रात आहे.

या कारखान्यातून जे निघाले त्यातले सर्वांत अचाट काम म्हणजे हेक्झाप्ला, सहा स्तंभांचा जुना करार. पहिल्या स्तंभात हिब्रू मजकूर. दुसऱ्यात तोच ग्रीक अक्षरांत, म्हणजे हिब्रू न वाचता येणाऱ्याला उच्चार तरी कळावा. पुढे चार ग्रीक भाषांतरे शेजारी शेजारी. चर्चमध्ये वाचले जाणारे ग्रीक भाषांतर मूळ हिब्रूशी कुठे जुळते, कुठे जास्तीचे आहे, कुठे उणे आहे, हे दाखवायला त्याने होमरच्या पंडितांनी वापरलेल्या खुणाच उचलल्या. एक तारा, एक आडवी रेघ. यामागचे कारण साधे होते. ज्यू शास्त्र्यांशी वाद घालताना आपण असे वचन पुढे करू नये जे त्यांच्या पोथीत नाहीच. स्तोत्रसंहितेसाठी तर त्याने आणखी भाषांतरे मिळवली, त्यांतले एक यरीहोजवळ रांजणात सापडलेले होते. मृत समुद्राकाठी रांजणांत ठेवलेल्या जुन्या पोथ्यांच्या गुंडाळ्या १९४७ मध्ये सापडल्या. त्याच्या सतराशे वर्षे आधी त्याच मुलखातल्या रांजणातली गुंडाळी हा माणूस वाचत होता! पूर्ण हेक्झाप्लाचे चाळीसेक जाडजूड खंड झाले असावेत असा अंदाज आहे. एवढ्या खंडांची पुन्हा नक्कल करणे कोणाला परवडणार? मूळ प्रत किती तरी वर्षे पॅलेस्टाइनमधल्या सिझेरिया शहरी होती, तिथे ती बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमने पाहिली. आज तिचे तुकडेच काय ते हाती आहेत.

दुसरे मोठे पुस्तक 'मूळ तत्त्वांविषयी'. ख्रिस्ती श्रद्धेची समग्र मांडणी करण्याचा हा पहिला प्रयत्न. या पुस्तकाची प्रस्तावना मी पुन्हा पुन्हा वाचतो. प्रेषितांनी काय स्पष्ट शिकवले आहे, ते तो आधी सांगतो: एक देव, त्याचा पुत्र, पवित्र आत्मा, माणसाला असलेले इच्छास्वातंत्र्य, न्याय. मग तो सांगतो, की काही गोष्टी प्रेषितांनी उघड्या ठेवल्या आहेत. आत्मा आईबापांच्या बीजातून येतो की बाहेरून? या जगाच्या आधी काय होते, नंतर काय असेल? या जागा अभ्यासूंनी शोधण्यासाठी सोडलेल्या आहेत. पुढे या उघड्या जागांत तो अंदाज बांधत जातो, आणि वाचकाला यापेक्षा बरे सुचले तर त्याने ते घ्यावे, असेही म्हणतो. देह मिळण्याआधी सगळे आत्मे देवाच्या सन्निध होते आणि प्रेम थंडावल्यामुळे खाली आले, हा त्यातला एक अंदाज. देवाची शिक्षा वैद्याच्या जळजळीत औषधासारखी असते, आणि शेवटी देव सर्वांत सर्वकाही होईल तेव्हा कोणीच कायमचे बाहेर उरणार नाही, हा दुसरा. जन्मापूर्वी आत्म्याचे अस्तित्व आणि पुनर्जन्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आपल्याकडचा गोंधळ नेमका इथे होतो.

ओरिजेन धर्मगुरू नव्हता. पॅलेस्टाइनच्या बिशपांनी त्याला चर्चमध्ये प्रवचन करायला उभे केले, पुढे सिझेरियात गुरुदीक्षाही दिली, आणि डिमीट्रियसचा संताप अनावर झाला. आपल्या माणसाला परस्पर दीक्षा देणारे हे कोण? त्याने परिषद बोलावून ओरिजेनला अलेक्झांड्रियाबाहेर केले. पॅलेस्टाइन, फिनिशिया, अरबस्तान इथल्या मंडळ्यांनी तो निकाल मानला नाही. इ. स. २३१ च्या आसपास ओरिजेन कायमचा सिझेरियात गेला. सम्राट अलेक्झांडर सेव्हेरसची आई जुलिया मामिया हिने त्याला सैनिकांच्या बंदोबस्तात अँटिओकला बोलावून त्याचे विचार ऐकले, ते याच सुमाराला.

सिझेरियात तो शिकवी कसा, हे एका विद्यार्थ्याने लिहून ठेवले आहे. काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा ग्रेगरी नावाचा तरुण कायदा शिकायला बैरूतला निघाला होता. वाटेत तो ओरिजेनला भेटला आणि पाच वर्षे तिथेच राहिला. निरोपाच्या भाषणात तो सांगतो, की गुरूंनी आधी प्रश्नांनी आमची मने नांगरली, मग तर्क, भूमिती, खगोल, नीती शिकवली. देव नाकारणारे सोडून सगळे तत्त्वज्ञ वाचायला लावले, आणि शास्त्राला हात घातला तो शेवटी. शहरात तो जवळजवळ रोज प्रवचन करी. वाचन संपताच निघून जाणारे, कोपऱ्यात गप्पा छाटणारे श्रोते तेव्हाही होतेच, आणि त्यांना तो भर प्रवचनात बोल लावी. साठी उलटेपर्यंत त्याने आपली प्रवचने टिपून घेऊ दिली नाहीत.

सेल्सस नावाच्या ग्रीकाने त्याआधी सुमारे सत्तर वर्षे ख्रिस्ती लोकांवर एक बोचरे पुस्तक लिहिले होते. हे लोकर पिंजणारे, चांभार, परीट, असले अडाणी लोक बायकापोरांना गाठून धर्म सांगतात, हा त्याचा एक आरोप. अम्ब्रोजच्या आग्रहावरून ओरिजेनने इ. स. २४८ च्या सुमारास आठ भागांचे उत्तर लिहिले. त्याची रीत अशी, की आधी प्रतिपक्षाचे वाक्य त्याच्याच शब्दांत द्यायचे आणि मग त्यावर बोलायचे. सेल्ससचे पुस्तक पुढे नाहीसे झाले. आज ते जेवढे वाचायला मिळते, तेवढे ओरिजेनने जपले म्हणून.

इ. स. २५० मध्ये सम्राट डेसियसचा हुकूम सुटला, की प्रत्येकाने देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा. असे दाखले इजिप्तच्या वाळूत पपायरसवर सापडलेले आहेत, त्यांवर साक्षीदारांच्या सह्याही आहेत. ओरिजेनने साठी ओलांडली होती. त्याच्या गळ्यात लोखंड घातले, अंधारकोठडीत टाकले, पाय खोड्यात चौथ्या भोकापर्यंत ताणून दिवसचे दिवस ठेवले. तो मरू नये याची न्यायाधीशाने काळजी घेतली, कारण एवढा नामांकित आचार्य श्रद्धा सोडतो हे जगाला दाखवायचे होते. ते त्याला दाखवता आले नाही. डेसियस २५१ मध्ये गॉथ लोकांशी लढताना मेला आणि ओरिजेन सुटला, पण शरीर मोडलेले होते. दोन-तीन वर्षांत, एकोणसत्तरीत तो गेला. तुरुंगात जीव गेला असता तर तो रक्तसाक्षी म्हणून गणला गेला असता, आणि पुढे त्याच्या नावाला हात लावण्याचे धाडस कोणाला झाले असते असे मला वाटत नाही.

पुढच्या शतकात ख्रिस्ती विचारात जो महावाद पेटला, त्याची दोन्ही टोके याच्या पुस्तकांत होती. पुत्र पित्यापासून अनादी काळापासून जन्मतच आहे, तो नव्हता असा काळच नाही, हे ओरिजेनने लिहिले होते. पुत्र पित्याच्या खालचा, दुसरा, असा सूरही त्याच्याकडे होता. अलेक्झांड्रियाचा एरियस दुसरे टोक ताणत गेला आणि पुत्राला निर्मिती म्हणू लागला. इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेने त्याला बाहेर केले. अलेक्झांड्रियाचाच बिशप अथेनेशियस एरियसच्या मताशी आयुष्यभर लढला आणि त्या लढ्यात ओरिजेनचे नाव आदराने घेत राहिला. बेसिल आणि नाझियान्झसचा ग्रेगरी (पाँटसचा तो विद्यार्थी वेगळा) या आचार्यांनी त्याच्या पुस्तकांतले वेचे जमवून एक संग्रह केला, असे परंपरा सांगते. सिझेरियाच्या पॅम्फिलसने त्याची पुस्तके स्वतःच्या हाताने उतरून काढली आणि तुरुंगात मरणाची वाट पाहत त्याच्या बचावाचा ग्रंथ लिहिला. त्या कामात सोबतीला युसेबियस होता.

मग वारे फिरले. या फिरण्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही. इजिप्तच्या वाळवंटातले कित्येक साधे संन्यासी देवाला माणसासारखे रूप आहे असे मानून प्रार्थना करत. अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने इ. स. ३९९ मध्ये पत्र काढून ओरिजेनच्या धाटणीने कळवले, की देवाला देह नाही. सेरापियन नावाच्या एका वृद्ध संन्याशाला विद्वानांनी हे पटवून दिले, त्याने मानलेही. सगळे प्रार्थनेला उभे राहिले आणि म्हातारा जमिनीवर कोसळून रडू लागला. माझा देव यांनी नेला, आता मी कोणाला हाक मारू? सगुणाचे अंतर्यामी रूप ज्यांनी आयुष्यभर जपले, त्यांचे हे दुःख आपल्या माणसांना समजावून सांगावे लागणार नाही.

संन्यासी दंडे घेऊन शहरावर चालून आले. थिओफिलसने चटकन बाजू बदलली आणि ओरिजेनची पुस्तके वाचणाऱ्या संन्याशांनाच वाळवंटातून हुसकून लावले. जेरोमने तरुणपणी ओरिजेनची प्रवचने लॅटिनमध्ये आणली होती आणि त्याला डोक्यावर घेतले होते. आता तोही उलटला. त्याचा जुना मित्र रुफिनस याने 'मूळ तत्त्वांविषयी' लॅटिनमध्ये केले, पण वादाच्या जागा मवाळ करून, आणि तसे प्रस्तावनेत कबूलही केले. तरुणपणापासूनचे दोन मित्र मेलेल्या माणसावरून कायमचे तुटले. शेवटी सम्राट जस्टिनियनने इ. स. ५४३ मध्ये ओरिजेनविरुद्ध फर्मान काढले, आणि ५५३ च्या परिषदेत त्याचे नाव पाखंड्यांच्या यादीत गेले. मरून तीनशे वर्षे झालेल्या, चर्चच्याच कुशीत गेलेल्या माणसाला असे बाहेर काढले गेले. त्याला चिकटवलेल्या मतांपैकी पुष्कळशी त्याच्या मागून आलेल्या अनुयायांची होती. शोधण्यासाठी म्हणून जे त्याने उघडे ठेवले होते, त्यावर निकाल दिला गेला. हा अन्याय होता, आणि तो तसा म्हणायला मला अनमान वाटत नाही.

  

ओरिजेनच्या ग्रंथांची सुमारे आठशे नावे जेरोमच्या यादीत आहेत. निषेधानंतर ग्रीकमध्ये त्यांची नक्कल करणे थांबत गेले. जे उरले ते बरेचसे लॅटिन भाषांतरांत, तुकड्यांत. १९४१ मध्ये कैरोजवळ तुरा इथल्या जुन्या खाणीत ब्रिटिश सैन्य दारूगोळा ठेवायला जागा साफ करत होते. मजुरांना तिथे पपायरसचा ढीग लागला. त्यात ओरिजेन होता. हेराक्लिडीस नावाच्या बिशपाला तो पिता-पुत्राविषयी एकेक प्रश्न विचारतो आहे, आणि बाजूला बसून कोणी लघुलेखक ते टिपतो आहे, असा जिवंत संवाद त्यात आहे. संन्याशांनी ती पाने निषेधानंतर तिथे दडवली असावीत.

आणि २०१२ च्या वसंतात म्युनिकच्या बव्हेरियन सरकारी ग्रंथालयात मरिना मोलिन प्राडेल या ग्रीक हस्तलिखितांची नवी सूची करत होत्या. एका मध्ययुगीन पोथीत स्तोत्रसंहितेवरची २९ प्रवचने होती, ओरिजेनचे नाव नव्हते. त्यांतली छत्तिसाव्या स्तोत्रावरची चार त्यांना ओळखीची वाटली. रुफिनसच्या लॅटिनशी त्यांनी ती लावून पाहिली, आणि ती जुळली. मग बाकीची पंचवीस कोणाची? ओरिजेनचे इटालियन अभ्यासक लोरेन्झो पेरोने यांनी सगळी तपासून दुजोरा दिला. निषेधानंतर कित्येक शतकांनी कोणा नकलनवीसाने ती पाने निगुतीने उतरून ठेवली होती. २०१५ मध्ये ती छापून आली, ओरिजेनच्या नावावर.